डेन्झिलचं धावणं

माझा धाकटा भाऊ डेन्झिल रॅटलिफ ह्याच्याबद्दल आमच्या खोऱ्यात एक म्हणच होऊन बसली होती: बंदुकीचे छर्रे पोहोचायच्या आत डेन्झिल पोहोचतो. लोक हसून म्हणायचे, पण त्यात फारसं खोटंही नव्हतं. रानटर्कीवर बार टाकला की त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत यायच्या आत हा गडी उतारावरून सुसाट सुटलेला असायचा. आपण बघतो तर पाखराच्या मानेवर बूट ठेवून उभा.

सपाटीवरच्या माणसांना ह्यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे जमीन उभी आहे. छर्रे लागलेला नर तडफडत, लोळत खाली जातो आणि जीव थोडा जरी शिल्लक असला तरी उठून लॉरेलच्या झुडपांच्या दाट जाळीत शिरतो. त्या जाळीत शिरलेलं पाखरू कुत्र्यालासुद्धा सापडत नाही. म्हणून बार टाकायचा आणि पळायचं. आधी मानेवर पाय, मग काय नाचायचं ते नाचा, असं आमचे बाबा सांगायचे.

डेन्झिलने हे ऐकलं नव्हतं, एकदाच. त्याचा पहिला नर होता तो. बार बसला, पाखरू पडलं आणि हा शहाणा टोपी हवेत उडवत बसला. टोपी खाली येईपर्यंत पाखरू उठून गेलं होतं. बाबांनी त्याला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. अंधार पडेपर्यंत दोघं जाळी धुंडाळत राहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पण काही हाती लागलं नाही. जेवायला बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "तो अजून जिवंत असेल बघ." डेन्झिलने ताट सारलं आणि उठून बाहेर गेला. आईने बाबांकडे असं पाहिलं की मला अजून ती नजर आठवते. त्यानंतर जन्मात त्याने एकही जखमी पाखरू रानात सोडलं नाही. नेम चुकला तर हसायचा, दिवस दिवस रिकाम्या हाताने आला तरी हसायचा. जखमी करून सोडणं मात्र त्याला चालत नव्हतं. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याशी तो बोलायचा, पण जखमी टर्की सोडून घरी जेवायला आलेल्या माणसाशी बोलायचा नाही. मी त्याला त्यावरून बरंच सुनावलं होतं, काही उपयोग झाला नाही.

मी ओलेटा. आमच्या ह्या खोऱ्यातल्या तीन पिढ्यांना शाळेच्या बसमधून घेऊन गेलेय, त्यामुळे लहानथोर मला 'सिस'च, म्हणजे ताई म्हणतात. लग्न केलं नाही. केलं असतं तर नवऱ्याला दुसऱ्याच आठवड्यात बसमधून उतरवला असता, असं डेन्झिल म्हणायचा.

तो शाळा सुटल्या सुटल्या कोळशाच्या खाणीत गेला. दुसरं काय होतं? छताला बोल्ट ठोकायचं काम. डोक्यावरच्या दगडात भोक पाडायचं, आणि ती सगळी पांढरी भुकटी नाकातोंडात घ्यायची. ती पांढरी धूळ कोळशापेक्षा वाईट, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्क असायचे. मास्क लावून काम मागे पडलं की मुकादम बोलायचा, म्हणून मास्क गळ्यात असायचे. पाळी संपली की डेन्झिल घरी येऊन, आंघोळ करून, मक्याच्या पावाचा तुकडा बीन्सच्या रश्शात बुडवून खायचा आणि एप्रिलचा शिकारीचा हंगाम असला तर पहाटे पुन्हा डोंगरावर. वांडा, त्याची बायको, म्हणायची, "हा माणूस सहा महिने जमिनीच्या पोटात असतो आणि उरलेले टर्कीच्या पाठीवर. माझ्या वाट्याला फक्त त्याचे कपडे येतात धुवायला."

मग चढावर तो मध्येच थांबायला लागला. थांबण्याची कारणं शोधायचा. बुटाची नाडी बांधायची, रानलसूण उपटायची, समोरच्या डोंगरावर डॉगवुड फुलला बघ म्हणायचं. मी ओळखलं होतं. आमच्या बाबांनीही असंच नाड्या बांधत दोन वर्षं काढली होती. दवाखान्यात फोटो काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला आणि त्याचं वय पुन्हा विचारलं. काळं फुफ्फुस, खाणीच्या धुळीने होणारं. नवीन फुफ्फुसं बसवायचं काढलं होतं, तेही डॉक्टर नको म्हणाले, हृदय साथ देणार नाही. बाईंनी सरळ सांगितलं की पुढचा हिवाळा धरू नका. मला ती बाई आवडली. गोड बोलून फसवणाऱ्यांपेक्षा बरी.

तेव्हापासून डेन्झिल खिडकीजवळच्या खुर्चीत. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनची टाकी. प्रत्येक श्वासाला ती फुस् करायची. मार्च संपता संपता त्याने पहाटे खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. वांडा बंद करायची, हा उघडायचा. घराच्या वर, जुन्या उघड्या खाणीने डोंगराला पाडलेली एक सपाट पायरी आहे, तिथे एक म्हातारा नर राहायचा. खाली ट्रकचं दार आपटलं तरी वरून आरवून उत्तर द्यायचा. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणाऱ्या म्हाताऱ्या डीकनसारखा छाती काढून, रुबाबात चालतो म्हणून डेन्झिलने त्याचं नाव 'डीकन' ठेवलं होतं.

एका सकाळी मी गेले तर वांडा मागच्या अंगणात होती. डेन्झिलने मला जवळ बोलावलं.

"सिस, मला वर ने."

"वर म्हणजे देवाकडे? तिकडे तू स्वतःच निघालायस."

तो हसला आणि मग बराच वेळ खोकला. रुमाल तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "डीकनकडे ने. एकदाच. ट्रक जुन्या रस्त्याने थेट वर जातो. चढायचं नाहीच मुळी. आपण वर आणि तो खाली. टर्की चढून येतो, उतरून येत नाही, तुला माहितीय."

"आणि बार टाकल्यावर कोण पळणार? आपले बाबा?"

"तेच तर," तो म्हणाला. "तू पळायचंस."

"मी?" माझे दोन्ही गुडघे शाळेच्या बसने खाल्लेत. क्लच दाबून दाबून डावा तर नावालाच उरलाय.

"तुला पळताना बघून तो हसून हसूनच मरेल. छर्रे वाचतील." मग त्याने हसणं सोडलं. "सिस, पाखरू नाही मिळालं तरी चालेल. नेम चुकला तरी चालेल. पण जखमी झालं आणि मी नुसता बसलेला, असं मला नकोय. ते मागे टाकून मी मरणार नाही. तू मानेवर पाय देणार असशील तरच जाऊ. नाहीतर राहू दे."

मी शब्द दिला. त्याच्याकडून दुसरा शब्द घेतला: वर गेल्यावर तो झाडाच्या बुंध्यापासून एक पाऊल हलणार नाही. त्याने बायबलवर हात ठेवायची तयारी दाखवली, मी म्हटलं बायबलला कशाला मध्ये आणतोस.

दुसरी अडचण पिपाणीची, मादीचा आवाज काढून नराला जवळ आणायची. बाबांची पिपाणी मादी टर्कीच्या पंखाच्या तीन हाडांची होती, एकात एक बसवलेली. ती फुंकायची नसते, ओढायची असते, ओठांनी चुंबन घेतल्यासारखी. डेन्झिलच्या छातीत तेवढी ओढ राहिली नव्हती. म्हणून मी शिकायचं. स्वयंपाकघरात बसून मी ओढायचे आणि डेन्झिल डोळे मिटून ऐकायचा.

"हे काय?" वांडा दारातून ओरडली. "दाराचं बिजागर आहे की म्हैस?"

"तुझी नणंद आहे," डेन्झिल म्हणाला. मग मला, "कमी कर. अजून कमी. तू त्याला बोलावतेयस, सिस. बोलवायचं नाही. तू आपल्या कामात आहेस, तो आला काय, नाही आला काय."

"आयुष्यभर तेच केलंय मी. म्हणून तर एकही आला नाही."

वांडाला आमचा बेत कळला तेव्हा ती आधी रडली, मग भांडली, मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. निघायच्या पहाटे मात्र तिने बिस्किटांत डुकराच्या मांसाचे काप घालून पुडकं बांधून दिलं आणि त्याच्या पायांभोवती रजई गुंडाळली. ट्रकच्या खिडकीतून तिने मला एवढंच म्हटलं, "परत आण."

जुना रस्ता कोळशाच्या ट्रकांनी खणून ठेवलेला. फाटक कधीच मोडून पडलंय. अंधार विरायला लागला तेव्हा आम्ही पायरीवर पोहोचलो. मी डेन्झिलला धरून एका मोठ्या ओकपर्यंत नेलं. चार पावलं टाकली की थांबायचो. त्याला बुंध्याला टेकवून बसवलं, टाकी डाव्या हाताला ठेवली, गुडघ्यावर बंदूक. मी त्याच्या मागे, दुसऱ्या झाडाशी. आमच्यात हाक देणारा मागे बसतो आणि मारणारा पुढे. आयुष्यभर तो मागे बसून दुसऱ्यांसाठी हाका द्यायचा. आज पहिल्यांदाच मी मागे होते.

खालच्या खोऱ्यात घुबड बोललं. तत्क्षणी आमच्या खालून, अगदी जवळून डीकन आरवला. डेन्झिलच्या खांद्यांवरून मला दिसलं, तो हसला होता. मान न वळवता त्याने दोन बोटं वर केली. म्हणजे दोनदा.

मी दोनदा ओढली. हळू. कामात असल्यासारखी. तो पुन्हा आरवला, आणि मग शांतता. झाडावरून उतरल्याचा पंखांचा धपका आला. डेन्झिलने तळहात खाली दाबला, म्हणजे आता गप्प. मी पिपाणी खिशात टाकली.

किती वेळ गेला मला माहीत नाही. माझा डावा पाय आधी दुखला, मग मुंग्या आल्या, मग काहीच वाटेना. हलायची सोय नाही. टर्कीला पापणी हललेली दिसते. त्या शांततेत टाकीचं फुस्, फुस् मला चर्चच्या घंटेएवढं मोठं वाटत होतं. डेन्झिललाही वाटत असणार, कारण त्याने हात सरकवून नळ बंद केला आणि नाकातली नळी काढून मांडीवर ठेवली. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर सगळं संपलं असतं, आणि तो सगळं संपवायला आलाच नव्हता, एक गोष्ट मिळवायला आला होता.

आधी ढोल वाजल्यासारखी हवा हलली. मग कडेवर पिसारा दिसला. गोल, तांबूस कडांचा, सकाळचं ऊन त्यातून आरपार. मग ते डोकं, लाल, पांढरं, निळं. तो चढून आमच्याच पातळीवर आला आणि मान उंच करून थांबला. डेन्झिलची पाठ थरथरत होती. श्वासासाठी की आनंदासाठी ते मला कळलं नाही.

बार झाला.

डीकन कोसळला, पंख फडफडवत कडेवरून खाली घसरला. मी उठले. म्हणजे उठायला गेले. डावा पाय माझ्या खाली नव्हताच. मी जिथल्या तिथे आडवी झाले आणि पालापाचोळ्यात तोंड खुपसलं. मान वर केली तर ओकच्या बुंध्याशी रजई होती, टाकी होती, नळी होती. डेन्झिल नव्हता.

तो धावला होता. बंदूक हातात घेऊन, कडेवरून खाली, तसाच, जसा तो चाळीस वर्षं धावत आला होता. त्याने ठरवलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या पायांना आजाराची बातमी कुणी दिलीच नव्हती. मी पाय आपटत, रांगत कडेपर्यंत गेले. खाली डेन्झिल पाखरापासून हातभर अंतरावर पोहोचला होता. आणखी एक पाऊल पुरे होतं. तिथे त्याचे गुडघे वाकले. तो हातांवर पडला, तोंड उघडं, छाती आत ओढलेली, आणि आवाज काहीच नाही. डीकन उठला. एक पंख जमिनीवर फरफटत त्याने आधी दोन गिरक्या घेतल्या, मग सरळ लॉरेलच्या जाळीत शिरला. पानं हलली, थोडी खाली पुन्हा हलली, आणि थांबली.

मी टाकी घेऊन बसून, घसरत त्याच्याकडे गेले. त्याचे ओठ निळे पडले होते. मी नळी नाकाशी नेली, त्याने माझा हात झटकला. जाळीकडे बोट दाखवलं. जा. शब्द निघत नव्हता, नुसतं बोट. जा, जा. मी त्याच्या थोबाडीत मारली, खोटं कशाला सांगू, नळ उघडला आणि नळी नाकात घातली. तेवढ्या वेळात जाळीत शिरले असते तर कदाचित डीकन सापडला असता. माझ्याकडे हातांची एकच जोडी होती.

त्याला पाठीवर घेऊन मी तो चढ चढले. खाणीत जायच्या आधी ज्याने मला एका हाताने उचलून ओढ्यात टाकलं होतं, त्याचं वजन आता पोत्यातल्या कोंड्याएवढं होतं.

हॉस्पिटलात त्याच्या तोंडावर मोठा मास्क बांधला. बोलता येत नव्हतं. मी आत गेले की तो डोळे उघडायचा आणि माझ्याकडे पाहायचा, आणि मला समजायचं काय विचारतोय. मी मान हलवायचे, नाही अजून. रोज पहाटे मी त्या पायरीवर जायचे आणि जाळीत शिरायचे. लॉरेल माणसाला उभं राहू देत नाही. पोटावर सरपटायचं, खाली काटेवेली, वर फांद्या. पहिल्या दिवशी रक्ताचे दोन थेंब आणि एक पीस मिळालं. त्यानंतर काहीच नाही. मी ओढ्यापर्यंत गेले, ओढ्याच्या पलीकडे गेले, कावळे कुठे बसतात ते पाहिलं. एकदा एका दगडाखाली काळं काही दिसलं म्हणून मी ते ओढून काढलं. कुणीतरी टाकलेलं टायर होतं ते.

वांडा माझ्याशी बोलत नव्हती. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तिने परत आण म्हटलं होतं आणि मी आणलं ते हे असं. एका संध्याकाळी बाहेरच्या बाकावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"सिस, सांगून टाक सापडला म्हणून."

"मी खोटं बोलत नाही, वांडा."

"मग शिक आता. त्यासाठीच तग धरून राहिलाय तो. रात्रभर हात चादरीवर चाळवतात त्याचे, पानं बाजूला सारल्यासारखे. मला बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सने त्याचा मास्क थोडा वेळ काढला, ओठांना पाणी लावायला. मी खाटेजवळ गेले.

"सापडला?" तो म्हणाला. आवाज कागद चुरगळल्यासारखा.

"सापडला."

"कुठे?"

"ओढ्याच्या अलीकडे. मेलेला होता. फार लांब गेलाच नव्हता."

"कधी?"

"काल. वांडाने शिजवला. चिवट होता म्हातारा. तुझ्यासारखाच."

दारात उभी असलेली वांडा म्हणाली, "ग्रेव्ही केली होती." तिचा आवाज फुटला आणि ती बाहेर गेली.

डेन्झिल माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझा हात धरला आणि उलटा केला. मनगटापासून बोटांपर्यंत ओरखडे होते, जुने सुकलेले आणि त्यांच्यावर ताजे, अजून ओले. अंगठ्याच्या बुडाशी काटा रुतलेला होता, मला माहीतही नव्हता. तो नखांनी काटा काढायला लागला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा निघाला. त्याने तो चादरीवर ठेवला.

"आज पण गेली होतीस," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला.

"राहू दे आता, सिस. कोल्ह्यांनी नेला असेल." त्याने डोळे मिटले. "तुझा गुडघा दुखत असेल."

नर्सने मास्क बांधला. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले, आई गेली तेव्हा रडले नव्हते इतकी. मला त्याचा राग आला होता. मी एकदाच खोटं बोलले, तेवढं तरी त्याने चालवून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्याने नको म्हटलं होतं म्हणूनच गेले असेन. जाळीच्या खालच्या टोकाला, जिथे कडा तुटतो, तिथला एक पट्टा बघायचा राहिला होता. दिवसभर तो पोटावर सरपटत पाहिला. तिथे फोन लागत नाही. उन्हं कलल्यावर ट्रकने डांबरी रस्त्याला लागले तेव्हा फोन एकदम वाजायला लागला आणि थांबेचना. मी उचलला नाही. मला कळलं होतं.

हॉस्पिटलात वांडा त्याच बाकावर बसली होती. मांडीवर त्याचे बूट. मी तिच्याजवळ बसले. माझ्या अंगाला माती आणि पाला.

"दुपारी गेला," ती म्हणाली. "तू कुठे आहेस ते दोनदा खुणेने विचारलं. मी म्हटलं, घरी झोपलीय. त्याने मान हलवली, नाही म्हणून. बोट वर केलं, डोंगराकडे."

मग वांडाने माझ्याकडे न बघता विचारलं, "सापडला का?"

"नाही," मी म्हटलं.